केस रिपोर्ट जर्नलला पाठवताय? या चुका टाळा

नवी मुंबईत मेडिकल कॉलेजं भरपूर, त्यामुळे थीसिस आणि पेपरच्या दिवसांत रेसिडेंट मंडळींचे तेच तेच प्रॉब्लेम कानावर येतात, आणि केस रिपोर्टची (म्हणजे एखाद्या पेशंटच्या आजाराची जर्नलमध्ये छापायची हकीकत) गाडी बऱ्याचदा अडते ती पेशंटला नीट विचारलेलंच नसतं म्हणून.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ॲडमिशनच्या वेळची सही हीच छापायची संमती समजणं. अहो ती उपचारासाठी असते. केस छापायला वेगळी लेखी संमती लागते, पेशंटला कळेल अशा मराठी-हिंदीत, आणि लेख ऑनलाइन गेला की कुणीही वाचू शकतो, मग तो पुसता येत नाही हेही सांगायचं. डिस्चार्जच्या आधीच घ्या, माणूस एकदा गावी गेला की फोन लागत नाही. पेशंट वारला असेल तर जवळच्या नातेवाइकांना विचारा.

फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं, हाही गैरसमज, आयसीएमजेईच्या (मेडिकल जर्नलच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) नियमांत तेवढं पुरत नाही असं स्पष्ट आहे. आणि नाव काढूनही 'कोपरखैरण्याचा 54 वर्षांचा माथाडी कामगार, अमुक तारखेला दाखल' असं लिहिलंत तर एपीएमसीतल्या त्याच्या टोळीला लगेच कळणार हा कोण ते, आणि आजार एचआयव्ही असेल तर त्याच्या घरी काय होईल बघा! गाव, तारीख उडवा, धंद्याचा आजाराशी संबंध असेल तरच ठेवा, पण ओळख लपवायला खोटी माहिती घालू नका.

डेटा गोळा करून मग एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला मंजुरी देणारी समिती) धावणं, हे तर नकोच. क्लिनिकल ट्रायलची सीटीआरआय (ट्रायलची भारतातली सरकारी नोंदवही) नोंदणीही पहिला पेशंट घ्यायच्या आधीच, 1 एप्रिल 2018 पासून उशिराची घेतच नाहीत. चुकलं असेल तर कमिटीला आणि एडिटरला खरं ते कळवा, तारखा जुळवत बसू नका. लॅन्सेट या जर्नलने ब्रिटिश डॉक्टर वेकफील्डचा, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा, 12 मुलांवरचा 1998 चा पेपर 2010 मध्ये मागे घेतला, त्यात एथिक्स मंजुरीचा दावा खोटा ठरला हे एक कारण होतं, आणि तोवर कित्येक आईबाप एमएमआर लसीला घाबरून बसले होते.

राहिलं ऑथरशिपचं. सरांचं नाव घालायचं म्हणून घालू नका, आयसीएमजेईच्या चारही अटी पूर्ण करणाराच ऑथर, बाकीच्यांचे आभार माना. चॅटजीपीटी वापरलं तर तसं लिहा, ऑथर म्हणून नाही.