कोइंब्रात एक सेमिस्टर: जाण्याआधी माहीत असलेलं बरं

पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठात एक्सचेंजच्या सेमिस्टरसाठी निवड झाली की जवळपास प्रत्येक जण आधी हेच विचारतो: शिकवतात इंग्रजीत का? विद्यापीठाच्या यादीत इंग्रजीतले विषय दिसतात आणि आपण निर्धास्त होतो. विज्ञान-अभियांत्रिकीत आणि पदव्युत्तर वर्गांत बऱ्यापैकी चालून जातं. मी इतिहासाची. साहित्य शाखेत, म्हणजे तिथल्या ‘फाकुल्दाद द लेत्रश’मध्ये, माझे बहुतेक तास पोर्तुगीजमध्येच व्हायचे. काही प्राध्यापक वाचायला इंग्रजी पुस्तकं सुचवतात, निबंधही इंग्रजीत चालतो म्हणतात, पण वर्गात वाद रंगला की तो पोर्तुगीजमध्ये. तेव्हा यादीवर विसंबू नका. विषय पक्का करण्याआधी ज्या त्या प्राध्यापकांना मेल टाकून विचारा की परीक्षा कोणत्या भाषेत देता येईल, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

निघायच्या आधीच पोर्तुगीज सुरू केलेली बरी. एक गोम आहे: मोबाइलवरची बरीच ॲप ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात. ती घेऊन कोइंब्रात उतरलं की आपलं बोलणं त्यांना समजतं, त्यांचं आपल्याला नाही. पोर्तुगालचे लोक स्वर गिळतात. अख्खं वाक्य तीन-चार व्यंजनांत उरकतं. म्हणून कानाला सवय लावायची तर पोर्तुगालचा रेडिओ ऐका. साहित्य शाखेत परदेशी विद्यार्थ्यांसाठी भाषावर्ग असतात, तिथे नाव घालाच. बोलताना मानमरातब मात्र सांभाळावा लागतो. प्राध्यापकांना एकेरी हाक मारायची नाही, त्यांच्यासमोरच ‘प्रोफेसरांना वेळ आहे का?’ असं तृतीयपुरुषी विचारायचं. आपण ‘सरांना वेळ आहे का?’ म्हणतोच की, त्यामुळे मराठी माणसाला हे जड जात नाही. माझ्या जर्मन मैत्रिणीची मात्र यात फार कुतरओढ व्हायची.

व्हिसाबद्दल थोडक्यात. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असल्याने पर्यटकांचा शेंगेन व्हिसा उपयोगाचा नाही. एका सेमिस्टरसाठी तात्पुरत्या वास्तव्याचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याला निवडपत्र, पैशांचा पुरावा, विमा, पोलिसांचा दाखला आणि राहण्याच्या जागेचा कागद जोडावा लागतो. जागेचा कागद सगळ्यात उशिरा हातात येतो आणि सगळं अडतं ते तिथेच. निवडपत्र आलं की त्याच आठवड्यात कामाला लागा.

आता जागा. हे नीट वाचा, कारण अभ्यासापेक्षा जास्त झोप माझी याने उडवली. विद्यापीठ टेकडीवर आहे, त्या भागाला ‘आल्ता’ म्हणतात. खाली नदीकडचा बाजारपेठेचा भाग ‘बाइशा’. आल्तातल्या जुन्या घरांतल्या खोल्या फोटोत सुरेख दिसतात. जाडजूड भिंती, लाकडी खिडक्या, समोर मोंदेगु नदी. नोव्हेंबर लागला की त्याच भिंतींना ओल धरते. घरात मध्यवर्ती हीटिंग नसतं, त्यामुळे बाहेरपेक्षा आत जास्त थंडी वाजते. कपाटामागे काळी बुरशी चढते, वाळत घातलेले कपडे कोकणातल्या जुलैसारखे चार-चार दिवस दमट राहतात. खोली बघायला गेलात की कपाट थोडं पुढे ओढून मागची भिंत बघा. खिडकी दक्षिणेला आहे का ते बघा. भाड्यात ‘देश्पेझश’, म्हणजे वीज-पाणी-इंटरनेट, धरलंय का विचारा आणि त्याला वरची मर्यादा आहे का तेही. तेलाचा हीटर रात्रभर चालला की ती मर्यादा कधीच मागे पडते, आणि मग घरमालकाचा सूर बदलतो. आमच्या वेळी बरी खोली महिन्याला २५० ते ३५० युरोंत मिळायची. खोली न बघता कोणी अनामत रक्कम मागितली तर सरळ नाही म्हणा. पहिले आठ-दहा दिवस हॉस्टेलमध्ये काढून पायी हिंडत शोधणं उत्तम. लेखी करार मागायला संकोच करू नका.

चढाची सवय करून घ्यावी लागते. जुन्या कॅथेड्रलकडे जाणाऱ्या पायऱ्यांचं नावच ‘केब्रा-कोश्तश’, पाठ मोडणाऱ्या. दुसऱ्या बाजूने ‘एश्कादश मोनुमेंताइश’, १२५ पायऱ्यांचा सरळ जिना. तो चढून वर आलं की जे रुंद, कोरडे, सरकारी तोऱ्याचे चौक आणि इमारती दिसतात, त्या पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतल्या. त्यासाठी १९४०च्या दशकात तिथली जुनी वस्ती पाडली, रहिवाशांना हलवलं. हा सालाझार आधी याच विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. गोव्याचा विषय निघाला की ज्याच्या हट्टापायी १९६१ उजाडलं असं आपण वाचतो, तोच. पण त्याच विद्यापीठात १९२०च्या दशकात आदेओदातो बार्रेटो आणि टेलो द मास्करेन्हस हे गोव्याचे दोन विद्यार्थी शिकत होते. त्यांनी १९२८ साली तिथून ‘इंडिया नोव्हा’ नावाचं पत्र काढलं, थेट पोर्तुगालच्या भूमीवर बसून भारतीय राष्ट्रवादाची बाजू मांडणारं. महाराष्ट्र-गोव्यातून जाणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने निबंधासाठी विषय शोधत बसू नये. तो तिथे आयताच आहे. आणि ग्रंथालय हाताशी आहे.

ग्रंथालय म्हणजे जुआनीना नव्हे. ती अठराव्या शतकातली सोनेरी नक्षीची इमारत पाहायला पर्यटक रांग लावतात. तिथे वटवाघळं राहतात, रात्री पुस्तकं खाणारे किडे टिपतात, आणि कर्मचारी संध्याकाळी टेबलांवर चामड्याची आवरणं घालतात, हे सगळं खरं आहे. एकदा बघून या. अभ्यासाला बसायचं ते शेजारच्या ‘बिब्लियोतेका जेराल’मध्ये. पोर्तुगालमध्ये छापल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या प्रती कायद्याने तिथे जमा होतात, त्यामुळे सहसा न मिळणारं पुस्तकही तिथे सापडतं. मागणीची चिठ्ठी भरायची आणि वाट बघायची. घाईत असाल तर त्रास होईल.

विद्यापीठ १२९० सालचं. लिस्बन-कोइंब्रा अशा फेऱ्या मारून १५३७ पासून कोइंब्रात कायमचं स्थिरावलं. २०१३ पासून युनेस्कोच्या वारसायादीत आहे. पण या इतिहासापेक्षा रोजच्या आयुष्यात महत्त्वाची ती कँटीन. तीन युरोंच्या आसपास सूप, मुख्य पदार्थ, पाव आणि फळ. २०१७च्या कायद्यामुळे सरकारी कँटीनमध्ये शाकाहारी पर्याय ठेवावाच लागतो, तेव्हा उपाशी राहायची वेळ येत नाही. बाहेरच्या हॉटेलात मात्र ‘सें कार्न’, मांस नको, एवढंच सांगितलं तर ट्यूना येतो. मासा हे मांस, असं तिथे कुणाच्या मनात येत नाही. ‘काल्दु व्हेर्द’ या हिरव्या सूपमध्ये वर सॉसेजची चकती तरंगते, ती आधीच नको म्हणावं लागतं. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. कुकर न्यायचा असेल तर आधी शेगडी विचारा: इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. तूरडाळ, हिंग, पोहे हवे असतील तर लिस्बनला गेल्यावर मार्तीं मोनीझ भागातून आणा.

आता माझं ठाम मत. एक्सचेंजचे विद्यार्थी एकमेकांतच फिरतात, इंग्रजीत पार्ट्या करतात आणि सहा महिन्यांनी शहराला न शिवता परत येतात. कोइंब्रात हे टाळणं अवघड नाही. विद्यार्थी संघटना १८८७ पासूनची आहे आणि तिची कला-क्रीडा मंडळं नवख्यांनाही घेतात: विद्यार्थ्यांनी चालवलेला रेडिओ आहे, नाटकाचे गट आहेत. १८८० पासून गाणारा ‘ओर्फेऑन’ गानवृंदही विद्यापीठात आहे. मी एका नाटकाच्या गटात शिरले. संवाद मिळाला नाही, पडदे ओढले, आणि माझी पोर्तुगीज वर्गात सुधारली नाही तेवढी तिथे सुधारली. ‘रेपुब्लिका’ नावाची विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली घरंही आहेत. तिथे कुणी जेवायला बोलावलं तर जरूर जा. ती घरं वाढदिवसाला शताब्दी म्हणतात आणि दरवर्षी साजरी करतात.

काळ्या झग्यातले सीनियर पहिल्या वर्षाच्या मुलांना रस्त्यात गुडघ्यावर बसवून गाणी म्हणायला लावतात, त्याला ‘प्राशी’ म्हणतात. आपल्याला त्यात ओढत नाहीत, आणि ‘नको’ म्हणणारे पोर्तुगीज विद्यार्थीही भरपूर आहेत. मला तो प्रकार रुचला नाही. मे महिन्यातला ‘केइमा दश फितश’ हा विद्यार्थ्यांचा उत्सव मात्र चुकवू नका. जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर मध्यरात्री फादो, म्हणजे पोर्तुगालचं पारंपरिक गाणं, सुरू होतं, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, आणि तरी सगळे चिडीचूप. त्यात एक भानगड आहे: पुढच्या काही आठवड्यांत परीक्षा. शिस्त कमी असेल तर सप्टेंबरचं सेमिस्टर घ्या. थंडी सोसावी लागते, पण अभ्यास होतो.

गुण २० पैकी, पास व्हायला १०. १४ मिळाले तर प्राध्यापक खूश असतात. १८ क्वचितच कुणाला देतात. इथल्या कॉलेजात कुणी १४ म्हणजे ७० टक्के असं सरळ गणित मांडलं तर तुमचं नुकसान होतं. म्हणून गुणांचं रूपांतर कसं करणार ते जाण्याआधीच लेखी ठरवून घ्या. पहिल्या परीक्षेत गचकलात तर ‘रेकुर्सु’ची दुसरी संधी असते. ती बहुतेक सेमिस्टरच्या अगदी शेवटी येते, म्हणून परतीचं तिकीट तिच्या तारखा कळल्यावरच काढा. गुणपत्रक त्यानंतर काही आठवड्यांनी तयार होतं. ते थेट तुमच्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवायला सांगून मगच निघा.