समर स्कूलला जाताय? या चुका बडोद्यातच टाळा

जर्मनीतल्या दोन-तीन आठवड्यांच्या समर स्कूलला निघालेल्यांचं बिनसतं ते बहुधा इथेच, विमानात बसायच्या आधी.

पहिला घोळ तारखांचा. आपली उन्हाळी सुट्टी मे महिन्यात, त्यांचा उन्हाळा जुलै-ऑगस्टमध्ये. तिकडचा वर्ग भरतो तोवर इथे कॉलेज सुरू झालेलं असतं आणि हजेरी बुडते. विभागप्रमुख 'जा रे, बघू नंतर' म्हणाले, एवढ्यावर निघू नका. रजा आणि क्रेडिट, दोन्ही लेखी घ्या. युरोपातलं एक ईसीटीएस क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास. इथे त्याचं काय धरणार हे आधी ठरलं नाही, तर परतल्यावर गुणपत्रिका घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर हेलपाटे ठरलेले.

जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत १५ दिवस आधीची. त्या १५ दिवसांवर विसंबू नका, उन्हाळ्यात अहमदाबादची अपॉइंटमेंट मिळायचीच मारामार असते. किमान ३०,००० युरोंचा विमा, परतीनंतर ३ महिने चालणारा पासपोर्ट, हे सगळे वाचतात. नजरेतून सुटतं ते नाव. शाळेच्या दाखल्यावर वडील 'आनंदराव', पासपोर्टवर नुसते 'आनंद'. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. आपल्या घरांतला हा 'राव' बोलण्यात मानाचा, कागदावर मात्र तापदायक. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं ॲफिडेव्हिट आधीच करून ठेवा.

आणि खातं फुगवू नका! अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून तीन लाख आणून भरले, तर स्टेटमेंटवर ते लगेच डोळ्यांत येतं. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबियाला गेले. आपला खर्च मात्र आपले बाबा करणार, तेव्हा आयटी रिटर्न आणि खर्चाची हमी देणारं पत्रही बाबांचंच लागणार.

बॅग भरताना आजीशी वाद होणारच. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे आणि तुपाची बरणी घरीच. भाकरवडी, लीलो चेवडो खुशाल न्या. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

तिकडे गेल्यावर काही अडलंच तर:

बॅग आली नाही? विमानतळाबाहेर पडू नका. बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. बाहेर पडल्यावर तीच तक्रार करणं फार जड जातं.

कार्ड मशीनने 'रुपयांत की युरोत?' विचारलं तर युरो निवडा. रुपये ओळखीचे वाटतात, पण दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो.

रविवारी दुकानं बंद. शनिवारीच दूध-ब्रेड आणा, नाहीतर मोठ्या रेल्वे स्टेशनवरचं दुकान गाठा.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास बर्लिनला किंवा वाणिज्य दूतावास म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्गला. पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत असेल, तर हे काम बरंच लवकर उरकतं. फोन लावताना तेवढं घड्याळ बघा: उन्हाळ्यात जर्मनी साडेतीन तास मागे असते, तिथले रात्रीचे दहा म्हणजे रावपुऱ्यात दीड वाजलेला असतो.