स्टॅफर्ड गॅम्बिट: प्यादं सोडा, राजा पकडा

आधीच सांगतो, बुद्धिबळातलं हे काळ्या बाजूचं गॅम्बिट ओपनिंग (म्हणजे प्यादं मुद्दाम सोडून केलेल्या सुरुवातीच्या चाली) खरं तर चुकीचं आहे. इंजिन (बुद्धिबळाचं संगणकी प्रोग्राम) लावलं तर ते सरळ पांढऱ्याची बाजू भारी दाखवतं, त्यामुळे लांबलचक गेममध्ये नकोच, पण ३ मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये काळी घेऊन खेळायला याच्याइतकी मजा नाही.

सुरुवात पेट्रॉफ नावाच्या ओपनिंगची (घरांच्या नावात अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ; आधी पांढऱ्याची चाल, मग आपली). ई४ ई५, घोडा एफ३ घोडा एफ६, मग समोरचा ई५ चं प्यादं खातो. शहाणा माणूस इथे डी६ करतो, आपण दुसरा घोडा सी६ वर काढायचा. त्याने तो घोडा मारला की डी च्या प्याद्याने परत मारायचं, बी च्या नाही, कारण सगळा खेळ उघड्या डी पट्टीवर आहे. (न मारता घोडा एफ३ ला माघारी नेला तर ई४ चं प्यादं उचला, हिशोब फिटला.)

आता त्याने डी३ केलं की आपला उंट सी५ ला, नजर एफ२ वर. इथे बरेच जण उंट जी५ ला आणून घोडा पिन करतात (घोडा हलला की मागचा वजीर उघडा पडतो), आणि आपण त्याचीच वाट बघत असतो! घोड्याने बिनधास्त ई४ मारा. वजीर फुकट दिसतो, तो घेतोच, मग उंट एफ२ शह, राजाला ई२ सोडून जागाच नाही, दुसरा उंट जी४, मात. वजीर सोडून घोडा मारला तरी उंट एफ२ शह आहेच, आणि त्याचा वजीर गेला.

पण हे डोळे झाकून करू नका. मी एकदा त्याचा उंट ई२ वर असताना सवयीने ई४ मारलं, शेवटी वजिरावजिरी झाली, त्याचा ई२ चा उंट डी१ ची राखण करत बसलेला आणि मी घोडा नि उंट घालवून बसलो. उंट ई२ दिसला की एच५ करायचं. त्याने कॅसल (राजा-हत्तीची एकत्र चाल) केलं तर घोडा जी४, एच३ ने हुसकवला तरी हलवायचा नाही, वजीर डी६ ला आणायचा. घोडा खाल्ला तर एच प्याद्याने परत मारा, हत्तीची पट्टी उघडते आणि एच२ वर मात दिसायला लागते. एफ चं प्यादं पुढे ढकलून तो वाचूही शकत नाही, सी५ च्या उंटाने ते पिन केलेलं असतं.

कॅसल न करता शांतपणे सी३ केलं तर समजा याला सगळं माहितीये, पुढे डी४ येऊन उंटाचं तोंड बंद होणार. तेव्हा निदान वजीर तरी बदलू देऊ नका, वजीर गेले की तुमच्याकडे उरतं फक्त एक कमी असलेलं प्यादं.