जुन्या शर्यतीच्या शिडनौकेचा वेग कसा वाढवावा

जुनी लेझर नौका (एकट्याने चालवायची छोटी शर्यतीची शिडनौका) हाती आली की पहिला विचार नव्या शिडाचा येतो. माझं मत ठाम आहे: शिडावरचा खर्च सगळ्यात शेवटी. आधी नाव हलकी करा, मग गुळगुळीत, मग घट्ट. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे सरकतं आणि काठावर चिखल-दगड उघडे पडतात. नाव घरी आणून काम करायला तोच काळ बरा.

१. वजन आणि गळती

लेझरचा रिकामा सांगाडा साधारण 59 किलोचा असतो. कांद्याची पोती मोजायचा सपाट काटा सोलापुरात शोधावा लागत नाही. त्यावर नाव तोलून पाहा. चार-पाच किलो जास्त भरली तर आत पाणी मुरलंय असं धरा.

गळती शोधायला मागचं बूच काढा आणि त्या भोकात नळी बसवून तोंडाने फुंका. दुसऱ्याने सांध्यांवर साबणाचं पाणी लावावं. फुगे येतील तिथे खूण करावी. पंक्चरवाल्याची हवा अजिबात नको, त्या दाबाने डेकचा (नावेच्या वरच्या पृष्ठाचा) सांधा उकलतो. डोलकाठीच्या खोबणीत पाणी भरून तासभर ठेवा. पातळी उतरली तर दुरुस्तीशिवाय नाव पाण्यात नेऊ नका. जोराच्या वाऱ्यात डोलकाठी डेक फाडते.

आतला ओलावा काढायला डेकवर उघडता येणारं तपासणीचं झाकण बसवा आणि ते उघडून टेबलफॅन लावा. आपल्याकडची कोरडी हवा इथे फार मदत करते. मात्र बूच लावून नाव उन्हात ठेवू नका. आतली हवा तापून फुगते आणि सांधे ताणले जातात.

२. तळ

खोल ओरखडे एपॉक्सीने (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या राळेने) भरायचे, पण सूर्य कलल्यावर. चाळीस अंशांच्या दुपारी एपॉक्सी भांड्यातच तापून घट्ट होतं, म्हणून एकावेळी थोडंच कालवा. तापमान उतरत असताना लावलं की बुडबुडेही कमी येतात. पूर्ण सुकल्यावर लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून, पाणी लावत घासा: आधी 400 नंबरचा, मग त्याहून बारीक 600 चा. नुसत्या बोटांनी घासलं तर खळगे पडतात. वर मेण लावायची गरज नाही. पाणी थेंबाथेंबाने ओघळलं म्हणजे नाव पळते असं नाही.

३. डॅगरबोर्ड आणि सुकाणू

डॅगरबोर्ड म्हणजे नावेच्या मधून पाण्यात खाली सोडायचं पातं. इथे बहुतेक लोक कमी वेळ देतात आणि वेग इथेच अडकलेला असतो. या पात्यांची मागची कड टवके उडालेली असेल तर नाव वेगात असताना गुणगुणल्यासारखा आवाज येतो. टवके भरून मूळ आकार परत आणा. नवा आकार देऊ नका, लेझरच्या शर्यतीत ते नियमबाह्य आहे. सुकाणू हाताने हलवून पाहा. खटखट वाजलं तर बोल्ट आवळा, झिजलेल्या चकत्या बदला. दोन्ही पाती जाडसर सोलापुरी चादरीत गुंडाळून न्या, गाडीत एकमेकांवर आपटू देऊ नका.

४. डोलकाठी, दोर, कप्प्या

डोलकाठीचा वरचा तुकडा शहाबादी फरशीवर लोळवा. वाकलेला असेल तर लगेच कळतं. काळ्या मातीची धूळ कप्प्यांत जाते. त्या गोड्या पाण्याने धुवा, तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटते. ताणणारे जुने दोर बदलून डायनिमाचे (फार न ताणणाऱ्या मजबूत कृत्रिम धाग्याचे) घ्या.

५. शीड आणि साठवण

शिडाला ऊन खातं. घडी न घालता गुंडाळून सावलीत ठेवा. नाव दोन्ही कडांवर टेकवा. तळाखाली एकच ओंडका दिला तर उन्हाने मऊ झालेला तळ तिथे दबतो.

एवढं झाल्यावर, तुमच्या जवळपास वजनाचा सोबती आणि दुसरी लेझर मिळाली तर शेजारी-शेजारी चालवून पाहा. एका फेरीत एकच बदल करा. कशाने फरक पडला हे त्यातूनच समजतं, आणि नवं शीड खरंच लागणार की नाही हेही.