रविवारी पोरांना पीएच दाखवायचाय? मग शनिवारपासूनच ही तयारी

आमच्या सोसायटीतली आठवी-नववीची सात-आठ पोरं रविवारी सकाळी गच्चीवर जमणारेत, आम्ल-आम्लारीचा धडा स्वतःच्या हातानं करून बघायला. पीएच म्हणजे एखादी गोष्ट किती आम्ल, किती आम्लारी ते सांगणारा आकडा: 7 मधला, त्याखाली आम्ल, वर आम्लारी. बऱ्याच आयांनी विचारलं की घरी करायचं तर काय काय लागतं ओ, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी पाणी. हे पहिलं सांगतेय कारण मागच्या खेपेला इथंच सगळं फिसकटलं. जास्वंदीच्या पाकळ्या मी आमच्या बोअरच्या पाण्यात उकळल्या आणि लिंबू, सोडा काही घालायच्या आधीच पाणी हिरवट झालं, पोरं विचारतायत काकू हे काय झालं आणि मला पटकन सांगता येईना. नंतर डोक्यात आलं, बोअरचं पाणी जड, त्यात बायकार्बोनेट भरपूर, ते आधीच थोडं आम्लारीकडं झुकलेलं, आणि उकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ते अजून तिकडं झुकतं. त्यामुळं दोन लिटर आरओचं पाणी वेगळं काढून ठेवा. तेही बरोब्बर पीएच 7 नसतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून जरा खालीच असतं, पण त्यात क्षार कमी म्हणून ते रंगाला ओढत नाही.

मग दर्शक, म्हणजे आम्ल-आम्लारीत रंग बदलणारी गोष्ट. लाल कोबी मिळाला तर झकास, आम्लात गुलाबी-लाल, मध्ये जांभळा, पुढं निळा-हिरवा आणि फार कडक आम्लारीत पिवळा. पण लक्ष्मी मार्केटात तो कधी असतो कधी नसतो, म्हणून लाल जास्वंदीची दहा-बारा फुलं धरून चला, गोकर्णाचा वेल असेल तर ती निळी फुलंपण. लोखंडी कढईत अजिबात उकळू नका, लोखंडानं रंग काळपट होतो, स्टीलचं पातेलं घ्या. आणि हे रविवारी सकाळीच करा, रात्रभर बाहेर ठेवलं तर रंग उतरतो.

हळदीचे कागद मात्र शनिवारीच. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, थोड्या सॅनिटायझरमध्ये कालवा (गॅसपासून लांब, पेटतं ते), जाड कोऱ्या कागदाला लावा आणि सावलीत वाळवा. पोरांना आधीच सांगा की हळद फक्त आम्लारी ओळखते. लिंबू लावलं तर पिवळी ती पिवळीच, साबण लावला की लाल. हळदीला चुना लावून कुंकू करतात ती हीच गंमत, आणि पंढरपूरला जाऊन आलेल्या पोराला हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

शनिवारी रात्री टपरीवरचा चुना आणून एक छोटा चमचा लिटरभर आरओच्या पाण्यात हलवून बाटलीचं झाकण घट्ट लावून ठेवा, उघडी राहिली तर वर साय धरते. सकाळी वरची स्वच्छ निवळी काढायची. तिचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो, म्हणून हात लावू द्यायचा नाही आणि चुना डोळ्यात गेला तर फार वाईट. चष्मे हवेतच, नळाजवळ साध्या पाण्याची भरलेली बादलीपण ठेवा.

बाकी लिंबू, चिंच, दही, दूध, खायचा सोडा, धुण्याचा सोडा घरात असतंच. दुकानातून 1 ते 14चा पीएच पेपर आणा, त्याशिवाय आकडा कळत नाही. संडास धुवायचं ॲसिड गच्चीवर आणूच नका, ते आणि ब्लिचिंगचं लिक्विड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो.

माझा सगळ्यात जीव आहे तो एका प्रयोगात, त्याला चार ग्लास आणि एक चमचा लागतो. निवळी 1 चमचा, आरओ 9 चमचे, मग त्यातलं 1 चमचा घेऊन परत 9. दर वेळी पीएच साधारण 1नं उतरतो. 1909 साली कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत सोरेनसेननं ही मोजपट्टी काढली ती अशीच दहापटीची आहे, म्हणजे 12 आणि 10 यांत शंभरपटीचा फरक, आणि हे पुस्तकात वाचून पोरांच्या डोक्यात शिरत नाही पण चमच्यानं मोजलं की शिरतं. हाच प्रयोग लिंबाचा केला तर आकडा अर्ध्या-अर्ध्यानंच चढतो, कारण सायट्रिक आम्ल सौम्य, ते पाण्यात पूर्ण सुटत नाही (म्हणजे त्याचे सगळे रेणू आयनांत मोडत नाहीत), पाणी वाढलं की थोडं थोडं सुटत राहतं. गाळणी आणि दोन लिंबं जास्त ठेवा, हा प्रश्न येणारच.

खालच्या मजल्यावरचे काका शहराच्या पूर्व भागात सूत रंगवायच्या कारखान्यात होते, त्यांना अकराला वर बोलावलंय. रिॲक्टिव्ह रंग मिठाच्या पाण्यात सुतात मुरवायचा, मग सोडा ॲश (म्हणजे धुण्याचा सोडाच) घालून पीएच 11च्या आसपास न्यायचा तेव्हा तो कापसाला धरतो, आणि शेवटी ॲसिटिकच्या (व्हिनेगरमधल्या आम्लाच्या) पाण्यातून सूत काढायचं, हे ते त्यांच्या भाषेत सांगतील. त्यांच्यासाठी खुर्ची.

आणि प्रत्येक पोराला आज रात्रीच निरोप द्या, घरून छोटी बाटली भरून आणायची, नळाचं पाणी की बोअरचं की टँकरचं ते चिकटपट्टीवर लिहून.