सर्व्हेअर व्हायचंय? मग आधी चिखलातला हिशेब शिका

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग झालेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा इन्शुरन्स म्हणजे पॉलिसी विकणं एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. काहींना सरकारी विमा कंपन्यांच्या भरतीपरीक्षा माहीत असतात. पण आग लागली, पूर आला, कारखान्यातलं मशीन फुटलं, ट्रक उलटला, की तिथे जाऊन नुकसान किती झालं आणि त्यातलं किती पॉलिसीत बसतं हे काढणारा माणूस, म्हणजे सर्व्हेअर, वेगळा असतो. त्याला परवाना लागतो आणि हा व्यवसाय जिल्ह्याच्या गावी राहून करता येतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. मी पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात हे काम करतो. आग आणि इंजिनिअरिंग हे माझे विभाग. जनरल इन्शुरन्सवर आज जे जे प्रश्न आलेत, ते मुंबईतल्या कार्यालयांपेक्षा लवकर आम्हाला दिसतात. म्हणून नव्यांसाठी हे लिहितोय.

कायद्याचा आधार १९३८ च्या विमा कायद्यात आहे, कलम ६४ यूएम. सध्याच्या नियमांप्रमाणे मोटारीचं नुकसान ५० हजार रुपये किंवा त्याहून जास्त आणि इतर मालमत्तेचं १ लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर परवानाधारक सर्व्हेअर नेमावा लागतो. परवाना विमा नियामक प्राधिकरण देतं. त्याआधी हैदराबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इन्शुरन्स सर्व्हेअर्स अँड लॉस असेसर्स या संस्थेचं विद्यार्थी-सदस्य व्हायचं, जुन्या सर्व्हेअरच्या हाताखाली वर्षभर प्रशिक्षण घ्यायचं आणि मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा द्यायची. इंजिनिअर, सीए, कॉस्ट अकाउंटंट यांना हा रस्ता सरळ आहे. विभाग पात्रतेनुसार मिळतात: आग, इंजिनिअरिंग, मोटार, सागरी माल, नफ्याचं नुकसान वगैरे. नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ताजी अट वाचा. क्लासवाल्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

परीक्षा अभ्यास केला की सुटते. कामातलं खरं शिक्षण मला पुरांनी दिलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २२ जुलै २०२१ ला चिपळूण, त्याच दिवसांत महाड. बाजारपेठच्या बाजारपेठ पाण्याखाली गेली होती आणि पाणी ओसरल्यावर एकेका गल्लीत पन्नास दुकानं क्लेमसाठी उभी होती.

समजा कापडाचं दुकान आहे. आत घोट्याइतका चिखल, गठ्ठे फुगलेले, बिलं-वह्या भिजून लगदा झालेल्या. दुकानदार म्हणतो, सगळं गेलं. तुम्ही काय करणार? पहिलं काम, भिंतीवरची पाण्याची रेघ. टेप लावून तिचा फोटो घ्यायचा, कारण दोन दिवसांत मालक भिंत धुतो आणि रेघ जाते. मग रॅक मोजायचे. रेघेच्या खाली किती फळ्या, एका फळीवर किती नग, वर काय राहिलं. रेघेवरचा मालही पुष्कळदा ओल धरून बुरशी खातो, तो सोडायचा नाही. दुकानदाराला पहिल्याच दिवशी सांगायचं की भिजलेला माल रस्त्यावर फेकू नका, बाजूला लावा, मोजून होऊ द्या. नगरपालिकेचे ट्रॅक्टर कचरा उचलायला येतात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो. सॅल्व्हेज म्हणजे उरलेल्या मालाची किंमतसुद्धा रोज उतरते. भिजलेल्या कापडाला तिसऱ्या दिवशी जो भाव येतो, तो दहाव्या दिवशी येत नाही.

नग मोजून झाले तरी साठा किती होता हे कागदावर सिद्ध व्हावं लागतं. वह्या गेल्या म्हणून क्लेम गेला, असं लोक समजतात. तसं नसतं. जीएसटीचे रिटर्न ऑनलाइन असतात, त्यातून खरेदी-विक्री निघते. बँकेला दरमहा दिलेलं स्टॉक स्टेटमेंट बँकेत असतं. मागच्या वर्षाचा ताळेबंद सीएकडे असतो. मग साधा हिशेब मांडायचा. ३१ मार्चचा साठा १८ लाख, तिथून पुरापर्यंतची खरेदी २२ लाख, विक्री २५ लाख. ढोबळ नफा २० टक्के धरला तर विकलेल्या मालाची मूळ किंमत २० लाख. म्हणजे पुराच्या दिवशी दुकानात २० लाखांचा माल असायला हवा. रॅकवरची मोजणी या आकड्याच्या जवळ आली की दुकानदार खरं बोलतोय हे तुम्हाला कळतं आणि ते तुम्ही कंपनीला दाखवूनही देऊ शकता. मला हा क्षण अजूनही फार मोलाचा वाटतो. कोपऱ्यात हताश बसलेल्या माणसाच्या शब्दाला आपल्या आकड्याने वजन येतं.

यात एक गाठ आहे, ती नव्यांनी सुरुवातीलाच समजून घ्यावी. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, जीएसटी कायद्याप्रमाणे उलटवावं लागतं. म्हणजे तो करही दुकानदाराच्याच अंगावर येतो. क्लेममध्ये तो धरायचा की नाही, हे सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, करासकट ठरवली होती की कराशिवाय, यावर अवलंबून असतं. रिपोर्टमध्ये याचा एक परिच्छेद स्पष्ट लिहा, नाहीतर महिन्यांनंतर सगळी फाइल याच मुद्द्यावर परत येते.

आता या व्यवसायातलं सगळ्यात दुखरं ठिकाण. वरच्या दुकानात २० लाखांचा माल होता, पण पॉलिसी १० लाखांची. का? कारण बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालावर दिलेलं खेळतं कर्ज, १० लाखांचं होतं, बँकेने तेवढ्याचाच विमा काढला आणि दुकानदाराने तो कागद कधी उघडला नाही. नुकसान, समजा, १६ लाख झालं. अ‍ॅव्हरेजच्या कलमाने मालाच्या निम्माच विमा असेल तर नुकसानही निम्मंच मिळतं. हातात ८ लाख, त्यातून एक्सेसची, म्हणजे विमेदाराने स्वतः सोसायच्या ठरलेल्या रकमेची, वजावट वेगळी. दुकानदाराला वाटतं सर्व्हेअरने खाल्लं. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या उद्योग-दुकानांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरीव पॉलिसी आली. तिच्यात विम्यातली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. घरांसाठीच्या 'भारत गृह रक्षा'त अ‍ॅव्हरेज लागतच नाही. चांगले बदल आहेत, पण निम्म्याने कमी काढलेल्या विम्याला १५ टक्क्यांची सूट पुरत नाही. माझ्या मते आपल्या भागात क्लेम नाकारण्यापेक्षा अपुऱ्या विम्याने जास्त माणसं बुडतात. त्याची जबाबदारी पॉलिसी काढून देणाऱ्या प्रत्येकाची आहे: बँकेची, एजंटची, कंपनीची. पत्त्याचंही तसंच. दुकान पॉलिसीत असतं, मागच्या गल्लीतलं गोदाम नसतं.

विमा एवढा अपुरा आणि तरी कंपन्या तोट्यात कशा, हा प्रश्न मुलं विचारतात. १ जानेवारी २००७ पासून आगीच्या आणि इंजिनिअरिंगच्या विम्याचे ठरलेले दर गेले, आणि कंपन्यांमध्ये दर पाडायची चढाओढ लागली. जोखमीला साजेसा हप्ता घेतला नाही की पैसे कमी पडतात ते क्लेमच्या वेळी. १९७२ च्या कायद्याने १०७ कंपन्या एकत्र करून ज्या चार सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतल्या तिघींचं सॉल्व्हन्सी प्रमाण, म्हणजे क्लेम भागवायला भांडवल किती पुरतं याचं माप, अलीकडची काही वर्षं आवश्यक १.५ च्या खाली होतं. सरकारला त्यांत भांडवल घालावं लागलं. त्यात पुनर्विम्याचा भाग येतो. आपली कंपनी स्वतःची जोखीम पुढे जीआयसी री ही सरकारी पुनर्विमा कंपनी आणि परदेशी पुनर्विमा कंपन्यांकडे वाटते. तिकडे वादळांनी मोठे क्लेम झाले की इथल्या कारखान्याचा नूतनीकरणाचा दर वाढतो. एमआयडीसीतल्या मालकाला हे समजावून सांगता येणं हाही आपल्या कामाचा भाग आहे.

मोटारीबद्दल थोडक्यात सांगतो. नवी मुलं बहुधा मोटारीतून सुरुवात करतात, कारण काम लगेच मिळतं. शिकायला उत्तम आहे: प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा, काचेवर शून्य, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपलीकडे गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरायचं. पण लहान क्लेम आता फोनवरच्या फोटोंवर आणि व्हिडिओवर निकाली निघतात, आणि ५० हजारांखाली आपली गरजच उरत नाही. सेन्सर बसवलेला बंपर आणि इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी यांमुळे मोठी बिलं वाढतायत, तिथे जाणकार माणूस लागणार. म्हणून मोटारीवर हात बसवा, पण आग, इंजिनिअरिंग किंवा सागरी माल यांपैकी एक विभाग नक्की धरा. आणि पावसाळ्यात भेटेल त्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगा: पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर तो खर्च पॉलिसीत बसत नाही.

पीकविमा हा माझा विभाग नाही, पण गावात राहून त्याच्याकडे पाठ फिरवता येत नाही. २०१६ च्या खरिपात प्रधानमंत्री पीकविमा योजना आली, २०२३ मध्ये राज्याने शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला, बोगस अर्जांचा गदारोळ झाला आणि २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली. आता मुख्य भिस्त पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे मंडळातल्या निवडक शेतांतलं पीक कापून काढलेल्या सरासरीवर, आहे. एकाच मंडळातल्या एका शेतकऱ्याचं शिवार वाहून जातं आणि मंडळाची सरासरी ठीक येते, तेव्हा त्याला काय सांगायचं, हा प्रश्न मला छळतो. ठरावीक पाऊस पडला की आपोआप पैसे देणाऱ्या विम्यातही हीच अडचण आहे. नागालँडने राज्यासाठी तसा विमा घेतला. पैसे लवकर मिळतात हे खरं, पण मोजलेला पाऊस आणि झालेलं नुकसान यांची जोडी प्रत्येक वेळी जमेलच असं नाही.

कामाचा ताण कुठून येतो तेही सांगून ठेवतो. आपली फी कंपनी देते आणि ती वेळेवर येईलच असं नाही. पहिली दोन-तीन वर्षं घरखर्चाची दुसरी सोय हवी. २०२४ च्या नियमांप्रमाणे सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा आणि रिपोर्ट १५ दिवसांत द्यायचा. एकट्यादुकट्या आगीला हे जमतं, पण पूर आला की एकेकाकडे ढिगाने फाइली येतात. एका कंपनीच्या अधिकाऱ्याने मला आकडा 'जरा बघा' असं सुचवलं होतं. मी बदलला नाही. त्यानंतर बराच काळ तिथून काम आलं नाही. दुसऱ्या बाजूने पाकीट पुढे करणारे दुकानदारही भेटले. दोन्हीकडे एकच गोष्ट कामी येते: आकड्याखाली त्याचं कारण लिहिलेलं असणं. सर्व्हेअरचा रिपोर्ट हा अंतिम शब्द नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केलं आहे. कंपनी तो बाजूला ठेवू शकते, विमेदार मुंबई-पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाऊ शकतो, तिथे ५० लाखांपर्यंतची तक्रार फी न भरता चालते. तिथे तुमचा रिपोर्ट वाचणारा माणूस त्या चिखलात उभा राहिलेला नसतो. त्याला रेघेचा फोटो, रॅकचं मोजमाप आणि साठ्याचा हिशेब एका ओळीत सापडला पाहिजे. आणि विमेदाराला रिपोर्टची प्रत मागायचा हक्क आहे, हे त्याला आपणहून सांगा.

प्रशिक्षण घ्यायचं ठरलं असेल तर जुन्या सर्व्हेअरकडे मे महिन्यातच रुजू व्हा. एप्रिल-मेच्या वळवात पत्रे उडतात, गोदामांना शॉर्ट सर्किटने आगी लागतात, आणि जूननंतर पाणी येतं. पहिल्या पावसाळ्यात फक्त टेप धरा, फोटो काढा, मोजणीची यादी लिहा आणि गुरू दुकानदाराशी कसा बोलतो ते ऐका. संध्याकाळी त्याच फाइलचा हिशेब स्वतः वेगळा मांडा आणि त्याच्या आकड्याशी ताडून बघा. पिशवीत गमबूट, ३० मीटरचा टेप, भिजणार नाही अशी वही आणि फोनसाठी पॉवर बँक असू द्या. पूर आला की वीज चार-चार दिवस नसते.