नॅनो-सिलिका घेऊन कोअर फ्लडिंगला निघण्याआधी

कोअर फ्लडिंगच्या, म्हणजे खडकाच्या तुकड्यातून (कोअरमधून) द्रव ढकलून किती तेल निघतं ते बघायच्या मशीनवर तारीख मिळाली ना? मग बाकीचं राहू द्या, आधी सांगा, तुमचं नॅनोफ्लुइड, म्हणजे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेलं पाणी, खाऱ्या पाण्यात (ब्राइनमध्ये) घालून बघितलंय का? डिस्टिल्ड वॉटरमध्ये नव्हे, खाऱ्या पाण्यात. नसेल तर तिकीट काढू नका.

मी काढलं होतं. उसाच्या चिपाडाच्या राखेपासून केलेली सिलिका, डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकवीस दिवस जशीच्या तशी. बाटलीमागे पेपर धरून रोज फोटो काढायचो, मागची अक्षरं स्वच्छ वाचता यायची. घट्ट स्टॉक घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो. मशीन आपल्याकडे नाही, ते दूरच्या गावी. तिथल्या मुलाने विचारलं, "सर, ब्राइन कुठलं वापरायचं?" मी म्हटलं, "तुमचंच वापरा." त्याने स्टॉक त्यांच्या ब्राइनमध्ये पातळ केला, स्टीलच्या सिलिंडरमध्ये भरला आणि तापमान ८० अंशांना लावलं. आम्ही चहाला गेलो. स्टील असल्याने आत काय चाललंय ते दिसायचा प्रश्नच नव्हता. पंप सुरू केला तसा दाब चढतच गेला, थांबेना. शेवटी पंप आपोआप बंद पडला. सिलिंडर उघडला तर आत नासलेलं दूध. कोअरच्या तोंडावर चुन्यासारखा पांढरा लेप. तारीख गेली, कोअर गेला.

आणि मी वाढलो कुठे? जिथे बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो तिथे. क्षार म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बारावीत हार्डी-शुल्झेचा नियम (क्षाराच्या आयनावर प्रभार जितका जास्त तितक्या लवकर गुठळ्या) पाठ करून मार्कही घेतले होते. पाण्यात सिलिकाच्या कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत सुटे राहतात. मीठ आलं की हे ढकलणं लुळं पडतं. दोन प्रभारांचं कॅल्शियम-मॅग्नेशियम आलं तर सोडियमपेक्षा कितीतरी कमी मात्रेत गुठळ्या होतात. त्यात उष्णता. जमिनीखाली दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढतात, म्हणजे दोन किलोमीटरवर आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी पन्नास-साठची भर. तुमच्या बाटलीने हे कधी पाहिलेलंच नसतं.

तर यादी.

खडक विकत घ्यावाच लागतो. बेरिया वाळूखडकाचा दीड इंच व्यासाचा, तीन इंच लांबीचा तुकडा चालतो. एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, आपला काळा पाषाण (बेसाल्ट) चालेल का? नाही. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतलं, त्यात ३३८ मीटर नुसता बेसाल्ट, खाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर, मग थेट ग्रॅनाइटसारखा पायाचा खडक. आपल्या पायाखाली हे असं आहे. तेलाच्या प्रयोगाला छिद्रांचा गाळाचा खडक लागतो. आणि मुंबई हायसारखा चुनखडक डोळ्यांपुढे असेल तर वाळूखडकावरचे आकडे तिथे चिकटवू नका. चुनखडीचा पृष्ठभाग बहुधा धन असतो, तुमची ऋण सिलिका निम्मी वाटेतच चिकटून बसेल.

वजनकाटा, मास्क. सिलिकाची कोरडी भुकटी उडवू नका, फुप्फुसात बसते. पुन्हा सांगणार नाही.

मात्रा ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. जास्त घातलं की तेल जास्त निघतं असं नाही, अडकण्याची भीती मात्र वाढते. प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण सुटे करणारी दांडी) लावताना बीकर बर्फात ठेवा.

आता पाणी. ज्या क्षेत्राचा विचार करताय त्याच्या पाण्याचा अहवाल मागा, सोडियमपासून बायकार्बोनेटपर्यंत. तो मिळाला नाही तर निदान समुद्राच्या पाण्याइतकं, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. नुसतं मीठ विरघळवून ब्राइन केलं म्हणू नका, कॅल्शियम हवंच. कॅल्शियम क्लोराइडची बाटली फिरवून लेबल वाचा. डायहायड्रेट असेल तर एका ग्रॅमच्या जागी १.३२ ग्रॅम घ्यायचं. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट वेगवेगळे विरघळवून शेवटी मिसळा, नाहीतर सिलिकाच्या आधी चुनाच खाली बसेल आणि दोष सिलिकाला लागेल.

त्या ब्राइनमध्ये तुमचं फ्लुइड, काचेची घट्ट झाकणाची बाटली, ओव्हनमध्ये ८० अंशांवर, सात दिवस. शेजारी डिस्टिल्डवाली बाटली ठेवा, लाज वाटायला बरी पडते. रोज बघा. डीएलएसवर (प्रकाश टाकून कण मोजणाऱ्या यंत्रावर) कणांचा आकार पहिल्या आणि सातव्या दिवशी, दोन्ही ब्राइनमध्येच घ्या. झीटा पोटेन्शियल (कण एकमेकांना किती ढकलतात त्याचं माप) डिस्टिल्डमध्ये उणे ३५ मिलिव्होल्ट आलं म्हणून पेढे वाटू नका, मी वाटले होते. खडकाची छिद्रं साधारण मायक्रॉनच्या मापाची असतात. वीस नॅनोमीटरचा कण तिथून सहज जातो, त्याची दोन मायक्रॉनची गुठळी तोंडावरच अडते.

गुठळ्या झाल्या तर? हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच उतरवून बघा, किंवा पीव्हीपी (पाण्यात विरघळणारं पॉलिमर), किंवा कणांवर सायलेन या सिलिकॉनच्या रसायनाचा लेप. आणि बदल केलात की सात दिवस परत, ब्राइनमध्येच. "वेळ नाही" म्हणणाऱ्याने माझा कोअर येऊन बघावा, टेबलावर ठेवलाय.

ब्राइनच टाळू, डिस्टिल्डमध्येच सोडू, हा विचार डोक्यात आला असेल तर सोडा. गोड्या पाण्याने खडकातली माती सुटते, फुगते, आणि कोअर तसाही बंद होतो.

प्रवास: स्वतःचं ब्राइन स्वतः न्या, लिहिलेल्या कृतीसकट. क्रूड (कच्चं तेल) आणि टोल्युइन (तेल धुवायचं द्रावक) रेल्वेत नेऊ नका, ज्वलनशील आहे, बंदी आहे. तिथेच मागवा.

तिथे पोचल्यावर क्रम ठरलेला: कोअर ब्राइनने भरा, पारगम्यता (त्यातून द्रव किती सहज वाहतो ते) मोजा, तेल भरा, मग साधं ब्राइन तेल येणं थांबेपर्यंत, मग नॅनोफ्लुइड. सिलिंडरमध्ये ओतण्याआधी त्यातलं थोडं काचेच्या नळीत वेगळं ठेवून तितकंच तापवा. नळी गढूळली तर पंपाला हात लावू नका. दाब दर मिनिटाला लिहा.

शेवटी टोल्युइनने तेल, मिथेनॉलने मीठ धुवा. सिलिंडर त्याच दिवशी. बिलाच्या दोन प्रती.